जहाजात चढण्यापूर्वी

दिवाळीच्या सुट्टीआधी स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही मागच्या वर्षी क्रूझला गेला होतात ना? आम्हीही बुकिंग केलंय. बरोबर काय काय घ्यायचं?" मी उत्तर देणार इतक्यात दुसऱ्या बाई म्हणाल्या, "गॉगल घ्या आणि पांढरे कपडे घ्या. फोटो छान येतात." सगळे हसले, मीही हसले. घंटा झाली, तासाला गेलो. घरी आल्यावर मात्र वाटत राहिलं की सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी थोडं घरचं सांगते. माझे अब्बा तीस वर्षं बोटीवर होते, मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये. कोकणातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस बोटीवर असायचाच. अब्बांनी निम्मं जग पाहिलं, ते इंजिनाच्या आवाजात आणि तेलकट कपड्यांत. प्रवासी म्हणून ते कधीच जहाजात चढले नव्हते. अम्मी तर बोटीवर गेलीच नव्हती. तिने बोट पाहिली ती अब्बांच्या पत्रांतून. गेल्या वर्षी मी ठरवलं, दोघांना मुंबई–गोवा–मुंबई अशा तीन रात्रींच्या सहलीला न्यायचं.

नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. "तिथं दारू असते, जुगार असतो, नाचगाणी असतात. या वयात आई-वडिलांना कुठे नेतेस?" मी उत्तर दिलं नाही, इथे देते. हे सगळं जहाजावर असतं, हे खरं आहे. पण ज्या शहरात आपण राहतो तिथेही ते आहे, म्हणून आपण शहर सोडलेलं नाही. कॅसिनोच्या दारातून कोणी आपल्याला ओढून आत नेत नाही. समुद्र आपल्या लोकांना नवा नाही. १९९५ पर्यंत मुंबईहून हजयात्री जहाजाने जिद्दाहला जात होते. मुघल लाइनच्या जहाजांच्या आठवणी आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे अजून आहेत. कोकणचे चाकरमानी तर आगबोटीनेच ये-जा करत. हर्णै, दाभोळ, जयगड अशा बंदरांत पडावातून बोटीपर्यंत जायचं, ट्रंका-वळकट्या वर चढवायच्या आणि डेकवर चटई पसरायची. म्हणजे जहाजाचा प्रवास ही श्रीमंतांची नवी चैन आहे, हे अर्धंच खरं आहे.

अर्धं खरं म्हणते, कारण आज तो खर्चिक झाला आहे. पहिला सल्ला पैशांचाच. जाहिरातीतला दर माणशी असतो आणि तो एका खोलीत दोन माणसं धरून लावलेला असतो. एकट्याने जाल तर जास्त पडतो. त्यावर बंदराचं शुल्क, कर आणि सेवाशुल्क चढतं. बुकिंग करणाऱ्याला सरळ विचारा, "सगळं धरून शेवटचा आकडा किती?" आणि तो लेखी घ्या. साधारणपणे मुख्य भोजनगृहातलं जेवण तिकिटात असतं. शीतपेयं, खास उपाहारगृहं, इंटरनेट, मसाज आणि बंदरावरची सहल यांचे पैसे वेगळे लागतात. जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं जे कार्ड मिळतं त्यावरच सगळी खरेदी नोंदवली जाते आणि हिशेब शेवटी होतो. माझ्या मुलाला वाटलं कार्ड दाखवलं की सरबत फुकट मिळतं. दोन दिवस तो मित्र जमवून सगळ्यांना पाजत होता! शेवटच्या सकाळी बिल पाहून मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने समुद्राकडे. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद ठेवता येते का, हे पहिल्या दिवशीच काउंटरवर विचारून घ्या.

आणखी एक. हल्ली सहलीसुद्धा हप्त्यांवर मिळतात. व्याज भरून केलेली मौज मला पटत नाही. धर्माचं कारण आहेच, पण ते बाजूला ठेवलं तरी तीन रात्रींसाठी बारा महिने फेडत बसणं साध्या हिशेबातही बसत नाही. पैसे साठवा, वर्षभर उशिरा जा. समुद्र तिथेच आहे.

खोली निवडताना लोक खिडकी पाहतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने जागा पाहावी. शाळेच्या मैदानातला सीसॉ आठवा. टोकाला बसलेलं मूल सर्वात जास्त वर-खाली होतं आणि मधे उभं राहणारं जवळजवळ हलत नाही. जहाजाचंही तसंच आहे. ज्यांना बोट लागण्याची भीती आहे त्यांनी मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची असेल तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं आणि आल्याचा तुकडा जवळ ठेवा. मळमळू लागलं तर खोलीत मोबाइल पाहत पडू नका, डेकवर येऊन क्षितिजाकडे नजर लावा. अम्मीला पहिल्या रात्री हेच करायला लावलं आणि अर्ध्या तासात ती चहा मागू लागली.

सामानाबद्दल. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या खोलीपर्यंत यायला काही तास लागू शकतात. म्हणून रोजची औषधं, इन्सुलिन, ओळखपत्रं, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, किटली असल्या वस्तू नेऊ देत नाहीत, कारण समुद्रात आगीसारखा वैरी नाही. देशातल्या देशात जाताना सरकारी ओळखपत्राची मूळ प्रत लागते, लहान मुलांचीही. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर पासपोर्ट आणि त्या देशाची परवानगी हवी. गरोदर बाईंनी आधी नियम विचारावेत. बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांपुढे प्रवेश देत नाहीत आणि अगदी तान्ह्या बाळांनाही नेत नाहीत. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी असते. त्यामुळे वयस्कर माणसं बरोबर असतील तर प्रवासविमा काढाच.

किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. मग फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचा दर ऐकूनच माणूस गप्प होईल. धक्का सोडताच फोन विमान-मोडवर टाका. बंदरावर उतरलात तर परत येण्याची वेळ कागदावर लिहून घ्या आणि तासभर आधीच परता. जहाज एसटी नव्हे, की वाहक शिट्टी मारून थांबवेल.

आमच्या मुस्लिम वाचकांसाठी दोन गोष्टी. मांसाहार हलाल आहे का, हे बुकिंगच्या वेळी विचारा. ताटासमोर बसून विचारण्यात अर्थ नाही. खात्री नसेल तर शाकाहारी जेवण चांगलं आणि भरपूर मिळतं. नमाजची दिशा विचारायला लाजू नका. जहाज वळत असतं आणि भोवतालच्या लोखंडामुळे फोनमधलं होकायंत्र चुकू शकतं. मी स्वागतकक्षातल्या मुलीला विचारलं. तिने वर फोन लावून जहाजाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगितलं, अगदी सहज, जणू रोजच कोणी विचारतं. आपणच उगाच आक्रसून राहतो.

आता मुख्य गोष्ट. जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. भोंग्याचे सात किंवा अधिक आखूड आवाज आणि मग एक लांब आवाज झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. ती जागा आपल्या कार्डावर किंवा खोलीच्या दारामागे लिहिलेली असते. काही जहाजांवर आता माहिती खोलीतल्या टीव्हीवर दाखवतात आणि जमण्याच्या जागी फक्त हजेरी घेतात. आमच्या जहाजावर सगळ्यांना एकत्र उभं केलं होतं. जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं हे एक तरुण खलाशी दाखवत होता. समोर शंभरेक माणसं होती. निम्मी सेल्फी घेत होती. काहीजण "चला, बुफे सुरू झाला" म्हणत सटकले. एका गृहस्थाने त्या मुलाची नक्कल केली आणि त्याच्या घरचे खोखो हसले.

अब्बा मात्र रांगेत सरळ उभे होते. अम्मीच्या जाकिटाची पट्टी त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली. मग त्या गृहस्थाकडे वळून शांतपणे म्हणाले, "भाऊ, तो मुलगा तुमच्या जिवाचं सांगतोय. ऐकून घ्या." ते गृहस्थ ओशाळले. मलाही लाज वाटली, कारण माझ्याही हातात मोबाइल होता.

त्या रात्री डेकवर अब्बा 'रामदास' बोटीबद्दल बोलले. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वाटेतच, काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. अब्बांचा जन्म त्यानंतरचा. पण त्यांच्या आईने ती धास्ती जन्मभर बाळगली आणि मुलाला बोटीवर पाठवताना दर वेळी ती रडली. अब्बा म्हणाले, "तीस वर्षांत आठवड्यामागून आठवडे कवायत केली. एकदाच खरी वेळ आली, इंजिनरूममध्ये आग लागली. तेव्हा डोकं चाललं नाही, पाय चालले. पायांना वाट पाठ होती." ही आगीची गोष्ट त्यांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती. अम्मीही पहिल्यांदाच ऐकत होती. ती काही बोलली नाही, फक्त त्यांचा हात धरून बसली.

हे जुन्या काळाचं झालं असं कोणी म्हणेल. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडलं. चार हजारांहून अधिक माणसं जहाजावर होती आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं सक्तीचं झालं. म्हणजे ज्या पंधरा मिनिटांचा आपल्याला कंटाळा येतो, ती माणसं गमावल्यावर मिळालेली आहेत. मी वर्गात मुलांना आपत्ती व्यवस्थापनाचा धडा शिकवते, गुणही देते. त्याच मुलांचे पालक कवायतीतून सटकतात. मग धडा कोणाला शिकवायचा?

माझं मत एवढंच आहे. क्रूझ विकणारे आपल्याला सांगतात की हे तरंगतं हॉटेल आहे आणि आपण ते मान्य करतो. हॉटेलात गैरसोय झाली तर आपण बाहेर पडून रिक्षा करतो. इथे बाहेर समुद्र आहे. कठड्यावर मुलांना बसवून फोटो काढताना, दारू पिऊन डेकवर वाकताना, हात न धुता बुफेत शिरताना याचा विसर पडतो. वाऱ्यामुळे कप्तानाने बंदर रद्द केलं तर लोक पैसे परत मागत भांडतात. पण तो अधिकार त्याचा आहे, तिकिटाच्या अटींत लिहिलेला आहे आणि तो त्याने आपल्यासाठीच वापरलेला असतो. ज्याला हे कळलं तो पहिल्याच फेरीत चांगला प्रवासी झाला.

शेवटची गोष्ट तिथे काम करणाऱ्यांची. खोली साफ करणारा मुलगा कोकणचा निघाला, आमच्या तालुक्याशेजारचाच. अब्बांनी त्याला विचारलं, "करार किती महिन्यांचा?" तो म्हणाला, "नऊ." अब्बा म्हणाले, "घरी फोन करतोस ना रोज? आमच्या वेळी पत्र यायला महिना लागायचा." त्यानंतर तो रोज अम्मीसाठी एक उशी जास्त ठेवायचा. नियमाप्रमाणे खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते, म्हणजे चौदा तास काम होऊ शकतं. सेवाशुल्क कापलेलं असलं तरी निघताना त्याच्या हातात काही ठेवा. आणि तेही जमलं नाही तर नाव विचारा, शुक्रिया म्हणा. "ए" करून हाक मारू नका.

परतताना मुंबईचे दिवे दिसू लागले तसे अब्बा कठड्याशी उभे होते. मी विचारलं, "कसं वाटलं अब्बा?" ते म्हणाले, "इतकी वर्षं मी खाली होतो. वरून बंदर असं दिसतं, हे माहीत नव्हतं."

सहकारी बाईंना मी उद्या एवढंच सांगणार आहे. गॉगल जरूर घ्या. पण भोंगा वाजला की मोबाइल खिशात ठेवा आणि तो मुलगा काय सांगतो ते ऐका.