सहाध्यायी

माघ सरत आला की वर्धा जिल्ह्याच्या शिवारात हरभरा सोंगणीस येतो, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागतात आणि पळस फुलतो. याच सुमारास आर्वीपासून हिंगणघाटापर्यंत गावोगावच्या घरांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळताना दिसतात. दहावीची परीक्षा जवळ आलेली असते. अशा वेळी शेजारचा मित्र वही घेऊन दाराशी येतो आणि म्हणतो, ‘हे एवढे गणित समजावून दे.’ आपला अभ्यास क्षणभर बाजूला ठेवून त्याला आत घ्यावे, की दार लावून घ्यावे?

पुष्कळांना दार लावून घेणेच शहाणपणाचे वाटते. आपला वेळ आणि आपली वही दुसऱ्यास दिली तर तो पुढे जाईल व आपण मागे राहू, अशी भीती त्यांच्या मनात असते. ही भीती स्वाभाविक आहे. परंतु ती खरी नाही.

परीक्षा म्हणजे कुस्तीचा फड नव्हे. फडात एक जिंकला की दुसरा हरलाच. शालान्त परीक्षेत तसे नसते. प्रत्येकाची उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासली जाते. मित्राला चार गुण अधिक मिळाले म्हणून आपले चार गुण कोणी कापून घेत नाही. पुढे काही महाविद्यालयांत गुणांच्या क्रमाने प्रवेश मिळतो, हे खरे. परंतु तेथे आपल्या वर्गातील एक-दोघेच नसतात. दूरदूरच्या शाळांतील असंख्य मुले असतात. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांतील विद्यार्थी एकट्या नागपूर विभागीय मंडळाच्या परीक्षेस बसतात. त्या समुदायात शेजारच्या एका मित्राला अडाणी ठेवून कोणाचा कितीसा लाभ होणार?

शिवाय, जो दुसऱ्यास शिकवतो तो स्वतःही शिकतो. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता एखाद्या मुलीने तोंडपाठ केलेली असते. ती मैत्रिणीला सांगू लागते, तोच मैत्रीण विचारते, ‘काटकोनाच्या शिरोबिंदूपासून कर्णावर लंब कशासाठी काढायचा?’ मुलगी क्षणभर थबकते. तिने लंब अनेकदा काढला होता. कारण मात्र कधी शोधले नव्हते. मग दोघी आकृती पुन्हा काढतात आणि त्या लंबामुळे मूळ त्रिकोणाशी समरूप असे दोन त्रिकोण मिळतात, हे त्यांच्या ध्यानात येते. विचारणारीला उत्तर मिळाले आणि सांगणारीला आपल्या ज्ञानातील छिद्र दिसले. एकटीने दहा वेळा घोकून हे छिद्र दिसले नसते.

आपल्या देशात ही रीत फार जुनी आहे. पूर्वीच्या गावठी शाळांत पंतोजी एक आणि मुले अनेक असत. म्हणून थोडे पुढे गेलेले मूल मागच्या मुलांना अक्षरे गिरवून दाखवी. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचे इंग्रज अमदानीतील एक धर्मोपदेशक मद्रासमधील एका अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. देशी मुले वाळूत बोटाने अक्षरे काढून शिकत असल्याचे त्यांनी पाहिले, आणि आपल्या शाळेत मुलांकडूनच मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला. १७९७ साली त्यांनी त्याचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुढे ही रीत तिकडे ‘मद्रास पद्धती’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

वर्धा जिल्ह्याला तर सहकार्याने शिकण्याचा वारसाच लाभला आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना देशापुढे मांडली. पुढे सेवाग्रामच्या शाळेत मुले एकत्र सूत कातीत, शेतात खपत, स्वयंपाक करीत आणि त्या कामांतूनच शिकत. पवनारचे आचार्य विनोबा भावे यांचे विद्यार्थिजीवनही या बाबतीत पाहण्यासारखे आहे. बडोद्यास असताना १९१४ साली त्यांनी मित्रांसह ‘विद्यार्थी मंडळ’ स्थापन केले. तेथे हे तरुण वाचन करीत, आळीपाळीने व्याख्याने देत आणि एकमेकांच्या ज्ञानात भर घालीत. १९१६ साली विनोबांनी इंटरच्या परीक्षेकडे पाठ फिरवली आणि सुरतेस उतरून ते काशीला गेले. परीक्षा राहिली, पण अभ्यासातून जुळलेले मैत्र राहिले. त्या मंडळातील काही मित्र पुढे राष्ट्रकार्यातही त्यांचे सोबती झाले.

साहाय्याची गरज सर्वांना सारखी नसते, हेही विसरता कामा नये. कोणाच्या घरी शिकलेले आईवडील असतात, तर कोणाच्या घरी प्रश्न विचारावा असे माणूसच नसते. कापूस वेचणीच्या दिवसांत एखाद्या मुलीची शाळा बुडते. एखाद्या मुलाचा बराच वेळ एस.टी.ची वाट पाहण्यात जातो. त्यांची बुद्धी उणी नसते. त्यांचे धडे तेवढे राहिलेले असतात. तो राहिलेला धडा सहाध्यायाने सांगितला, तर ते उपकार नव्हेत. ते शेजारधर्माचे पालन होय. आणि घेणाराही रिक्तहस्त नसतो. गणितात अडणारा मुलगा निबंध सुरेख लिहीत असेल. इंग्रजीला बिचकणारी मुलगी विज्ञानाच्या आकृत्या अचूक काढीत असेल.

मात्र साहाय्यालाही मर्यादा असते. परीक्षेच्या दालनात मित्राला उत्तर दाखवणे हे साहाय्य नव्हे. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी १९८२ साली कायदाही करण्यात आला आहे. परंतु कायद्याचे भय हे काही खरे कारण नव्हे. आयते उत्तर मिळालेला विद्यार्थी आदल्या दिवशी होता तेवढाच दुबळा राहतो. फक्त त्याचा दुबळेपणा काही काळ झाकला जातो. वर्षभर पुस्तक न उघडता अखेरच्या आठवड्यात दुसऱ्याच्या वह्या मागणाऱ्यालाही हेच लागू पडते. त्याला वही देण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून एक धडा वाचणे अधिक हितकर.

म्हणून एकत्र अभ्यास करणाऱ्यांनी काही शिस्त पाळावी. चार-पाच जणांनीच एकत्र बसावे. गर्दी झाली की गप्पा वाढतात. प्रत्येकाने आधी घरी स्वतः प्रयत्न करून यावे. एकेकाने एकेक प्रकरण समजावून सांगावे, जुनी प्रश्नपत्रिका सोडवून एकमेकांची उत्तरे तपासावीत, आणि कोणी चुकला तर त्यास हसू नये. ज्या ठिकाणी चुकीला हसतात, तेथे मुले शंका विचारीत नाहीत.

ज्या साहाय्यानंतर घेणाऱ्याला पुन्हा साहाय्याची गरज पडत नाही, तेच उत्तम साहाय्य होय. परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या बाकावर एकट्यानेच बसायचे असते. परंतु तेथपर्यंतची वाट एकट्याने चालावी, असा काही नियम नाही. दाराशी आलेल्या मित्राला आत घ्यावे, दिवा मध्ये ठेवावा आणि पुस्तक उघडावे. एका दिव्याच्या उजेडात दोघे वाचू लागले म्हणून त्याचा प्रकाश निम्मा होत नाही.