पाटी मालकाची, वाचा आपली



आमच्या पालीला महामार्गाला फाटा फुटतो. एक रस्ता लांज्यावरून गोव्याकडे जातो, दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. अशा ठिकाणी एस.टी.ची वाट पाहणारा माणूस बसतो कुठे? हॉटेलात. एक चहा मागवायचा, टेबलावरचा पेपर उघडायचा आणि शेजारच्याशी बोलायला सुरुवात करायची. ज्यांच्या घरी पेपर येत नाही त्यांचे वाचनालय हेच आणि सभागृहही हेच.

पण निवडणुका जवळ आल्या की अशाच हॉटेलांत आणि केस कापायच्या सलूनमध्ये पाटी लागते: ‘येथे राजकीय चर्चा करू नये.’ आपली तरुण मुले मग विचारतात, “घटनेने आम्हाला बोलण्याचा हक्क दिला आहे. मग हा हॉटेलवाला कोण आमचे तोंड बंद करणार?” प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र अर्धे त्यांच्या बाजूचे आहे आणि अर्धे हॉटेलवाल्याच्या. म्हणून हा विषय आज जरा सविस्तर घेतो.

घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला भाषण व विचार मांडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. पोलीस, कलेक्टर, नगरपालिका, विधिमंडळ यांनी आपले तोंड बंद करू नये म्हणून तो आहे. चहाच्या दुकानाचा मालक म्हणजे सरकार नव्हे. जागा त्याची, भाडे तो भरतो, भांडण झाले तर बरण्या त्याच्या फुटतात. आरडाओरडा करू नये, फार वेळ बसू नये, असे नियम तो करू शकतो. मुंबईला गिरणीत राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना इराणी हॉटेले आठवत असतील. तिथल्या भिंतींवर अशा सूचनांची यादीच असे. केस विंचरू नका, उधार मागू नका, भांडू नका. कवी निस्सीम इझिकेल यांनी तर अशा सूचनांचीच एक इंग्रजी कविता केली. त्या सूचनांत कोणाला अपमान वाटला नाही, कारण त्या सर्व गिऱ्हाइकांना सारख्या होत्या.

इथपर्यंत हॉटेलवाल्याची बाजू झाली. आता आपली बाजू पाहू.

आपल्या माणसाला गावात त्रास फक्त सरकार देत नाही, तो दुकानदार देतो, जमीनदार देतो, शेजारी देतो, हे बाबासाहेबांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून घटनेतील काही कलमे खासगी माणसालाही बांधतात. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, मग ती पाळणारा सरकारी अधिकारी असो की चहावाला. कलम १५ च्या दुसऱ्या भागात स्पष्ट सांगितले की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत अटकाव करता येणार नाही. घटना समितीत १९४८ साली या कलमावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दात लाँड्री आणि दाढीचे सलून येते काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तरात या शब्दाचा अर्थ मोठा केला. येईल त्या गिऱ्हाइकाला सेवा देण्यास मालक जिथे तयार असतो ते दुकान, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

एकदा दार सर्वांसाठी उघडले की ते काही विशिष्ट माणसांच्या तोंडावर लावून घेता येत नाही. १९५५ च्या कायद्याने (१९७६ पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा) हा गुन्हा ठरवला. अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे किंवा तिथली भांडी वापरू न देणे यासाठी एक ते सहा महिने कैद आणि दंड आहे. आपल्या जिल्ह्यात पूर्वी काय स्थिती होती? रत्नागिरी शहरात १९३३ साली सर्व जातींच्या हिंदूंना एकत्र बसता यावे म्हणून मुद्दाम वेगळे उपाहारगृह काढावे लागले. यावरूनच बाकीच्या हॉटेलांची कल्पना यावी.

‘जागा खासगी आहे’ हे वाक्य आपल्याला नवे नाही. महाडचा इतिहास आठवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी कोर्टात दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाही, ते खासगी मालकीचे आहे! दोन दिवसांत कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. बाबासाहेबांनी ती मनाई मोडली नाही. ते कोर्टात लढले. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. विरोधक अपिलात गेले. तिथे १९३३ साली हरले. पुढे हायकोर्टात गेले, तिथे १७ मार्च १९३७ रोजी हरले. खासगी मालकीचा दावाही टिकला नाही आणि मनाईची अनादी काळापासूनची रूढीही सिद्ध झाली नाही. पाण्याच्या एका ओंजळीसाठी कागदपत्रांची लढाई सव्वानऊ वर्षे चालली.

याच महाडची दुसरी गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डिसेंबरच्या परिषदेसाठी मंडप घालायला गावात जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. त्या जागेवर परिषद भरली, भाषणे झाली आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. म्हणजे खासगी मालकीचे नाव सांगून एकाने आपल्याला तळ्यावरून हाकलू पाहिले आणि खासगी मालकीच्याच जोरावर दुसऱ्याने आपल्याला बोलायला जागा दिली. तेव्हा मालकी हीच काही वाईट गोष्ट नाही. मालक ती कोणासाठी आणि कोणाविरुद्ध वापरतो, हे पाहावे लागते.

हाच निकष भिंतीवरच्या पाटीला लावा. मागे आमच्या भागातल्या एका हॉटेलात आम्ही तिघे चहा घेत होतो. पलीकडच्या टेबलावर अर्धा तास आरक्षणाच्या नावाने शिमगा चालला होता. नोकऱ्या यांनीच नेल्या, फुकटचे खातात, वगैरे. आमच्यातला एक तरुण शांतपणे म्हणाला, “राखीव जागा किती आणि त्यातल्या रिकाम्या किती, ते तरी सांगा.” लगेच गल्ल्यावरून आवाज आला, “भाऊ, पाटी वाचलात का? इथं राजकारण नको.” तरुण तावातावाने उठला. मी त्याचा हात धरून बसवले आणि मालकाला एवढेच विचारले, “शेट, पाटी दोन्ही टेबलांना आहे की एकाच?” मालक ओशाळला. “तसं नाय हो, माझं गिऱ्हाईक तुटतं,” म्हणाला. पण मग त्याने पलीकडच्या टेबलालाही गप्प बसायला सांगितले. आम्ही चहाचे पैसे देऊन निघालो.

बंधूंनो, या प्रश्नाचे सार त्या एका वाक्यात आहे. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा ती कोणाला दाखवली जाते हे बघा. ‘मोठ्याने बोलू नये’ हा नियम झाला. ‘तुम्ही बोलू नये’ हा भेदभाव झाला. पुष्कळदा भिंतीवर पहिला लिहिलेला असतो आणि व्यवहारात दुसरा चालतो. बाबासाहेबांचे नाव घेतले की ते राजकारण, आणि इतरांनी आपापल्या पुढाऱ्यांचे नाव घेतले की त्या गप्पा, हा हिशेब मान्य करता येणार नाही.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे लग्नासाठी आलेला नर्सिंगचा एक दलित विद्यार्थी नातलगांबरोबर बिअरच्या दुकानात बसला होता. तक्रारीप्रमाणे, त्याच्या मोबाईलची रिंग वाजली. ती बाबासाहेबांवरील गाण्याची होती. तिथे बसलेल्या काही जणांनी ती बंद करायला सांगितले, भांडण झाले, आणि त्याला मारत गाडीवरून नेऊन त्याचा जीव घेण्यात आला. इतर गिऱ्हाइकांना ते गाणे नको होते, एवढ्यावरून! दुकानात काय वाजावे हे ठरवण्याचा अधिकार या गिऱ्हाइकांना कोणी दिला? अशा वेळी मालकाची जबाबदारी मोठी असते. शांतता राखायची तर धमकी देणाऱ्याला आवरले पाहिजे. ज्याला धमकी मिळते त्यालाच ‘तू गप्प बस’ म्हणणे ही शांतता नव्हे.

दुसऱ्या देशांतही हा वाद झाला आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात चिकासॉ नावाचे अख्खे गाव एका जहाज बांधणाऱ्या कंपनीच्या मालकीचे होते. रस्तेही कंपनीचेच. ग्रेस मार्श या बाईने तिथल्या पदपथावर आपल्या पंथाची पत्रके वाटली म्हणून तिला अटक झाली. १९४६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. मालक आपली जागा जनतेसाठी जितकी जास्त खुली करतो तितके त्या जनतेचे हक्क त्याच्यावर बंधन आणतात, असे कोर्टाचे म्हणणे होते. पुढे १९७२ साली त्याच कोर्टाने मोठ्या बाजारसंकुलाच्या मालकाला पत्रके वाटण्यास मनाई करता येते असे म्हटले, आणि १९८० साली सांगितले की एखाद्या राज्याला आपल्या घटनेने लोकांना जास्त हक्क द्यायचे असतील तर तेही चालेल. म्हणजे तिथेही प्रश्न एका फटक्यात सुटलेला नाही.

आपल्याकडे ३ जानेवारी २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटले की कलम १९ आणि २१ मधील हक्क सरकारव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येतात. एका न्यायाधीशांचे मत यावर वेगळे होते. या निकालाचा उपयोग पुढे कसा होतो ते काळ ठरवील. चहाच्या टेबलावरून उठून थेट कोर्टात जावे असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

हॉटेल सोडा, कारखान्याचा विचार करा. आपल्या भगिनी काजूच्या कारखान्यांत कामाला जातात. काम चालू असताना गप्पा नकोत, हे मुकादमाने सांगणे समजू शकते. पण मधल्या सुट्टीतही मजुरीविषयी, हजेरीविषयी बोलायचे नाही, असे कोणी म्हणाले तर ते कामाच्या शिस्तीसाठी नसते, बायका एकत्र येऊ नयेत म्हणून असते. संघटना करण्याचा हक्क त्याच कलम १९ मध्ये आहे. सरकारचे नियंत्रण नको म्हणणारे ज्याला स्वातंत्र्य म्हणतात ती प्रत्यक्षात खासगी मालकाची हुकूमशाही असते, असा इशारा बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये दिला होता. पोटाचा मालक तोच वाचेचा मालक होऊ नये, ही त्यामागची काळजी होती.

मग आपण काय करावे? नियम सर्वांना सारखा असेल तर तो पाळावा. दुसऱ्याच्या जागेत आपण पाहुणे आहोत हे विसरू नये. नियम फक्त आपल्यालाच लावला जात असेल तर आवाज न चढवता, चारचौघांसमोर विचारावे, “हा नियम सर्वांना आहे काय?” कोणी जातीवरून बोलले, कप वेगळा दिला, उठून जायला सांगितले, तर हातघाईवर येऊ नये. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावीत. हॉटेल खासगी असले तरी तिथे लोकांसमक्ष केलेला जातीवाचक अपमान अत्याचार प्रतिबंधक कायद्यात येऊ शकतो, कारण तो कायदा लोकांच्या नजरेसमोरची जागा पाहतो, सातबारा पाहत नाही. पोलीस तक्रार घेत नसतील तर १४५६६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तो घरात लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या जागांची. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा घेतली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. तो हॉल आपला नव्हता. आज वाडीवाडीत आपली विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. तिथे पाटी लावणारे आपणच. मग तिथे सुनेला, शाळकरी मुलीला, गरीब मजुराला बोलायला मिळते काय? हिशेब विचारणाऱ्याला ‘इथे राजकारण नको’ म्हणून आपणच गप्प बसवतो काय? भगवान बुद्धांनी सम्यक वाचा सांगितली. खोटे बोलू नये, कठोर बोलू नये, चहाडी करू नये, व्यर्थ बडबड करू नये. हाही बोलण्याचाच नियम आहे, पण तो प्रत्येकाने स्वतःला लावायचा आहे. आपल्या विहारात तो पाळून सर्वांना बोलू द्या. येत्या पौर्णिमेच्या सभेत एखादी भगिनी प्रथमच उभी राहिली तर तिचे पूर्ण ऐकून घ्या.

जयभीम!