निळ्या लाटांची रील आणि समुद्रातला युरिया

हिवाळा आला की माझ्या फीडमध्ये कोकणातल्या निळ्या चमकणाऱ्या लाटांच्या रील सुरू होतात. खाली कमेंट ठरलेली: "किती स्वच्छ समुद्र!" मला ही कमेंट खटकते. ही चमक बऱ्याचदा नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवाची असते आणि तो प्रचंड वाढलाय म्हणजे पाण्यात खाणं भरपूर आहे. मग हे ताट वाढतंय कोण?

'ऑरगॅनिक' शब्दाचा घोळ

समुद्रात वनस्पती प्लवक असतात. डोळ्यांना न दिसणारे हे जीव पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण करतात. त्यांना नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. आपण शाळेत फक्त नायट्रेट-फॉस्फेट शिकलो. पण पाण्यात विरघळलेली सेंद्रिय पोषकद्रव्यंही असतात आणि युरिया त्यातलंच एक. हो, खताच्या गोणीतला युरिया! रसायनशास्त्रात कार्बनच्या अशा संयुगांना सेंद्रिय म्हणतात, त्याचा 'ऑरगॅनिक' भाजीशी संबंध नाही.

अनेक प्लवकांकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं. ते युरिया फोडून त्यातून अमोनियम काढतं आणि प्लवक ते वापरतात. फॉस्फरस सेंद्रिय रेणूत अडकलेला असेल तर तो सोडवायला वेगळं एन्झाइम असतं. म्हणजे नायट्रेट संपलं तरी जेवण संपत नाही.

खरी मेख पुढे आहे. हे जेवण सगळ्यांना सारखं मानवत नाही. माशांच्या पिल्लांचं चांगलं खाणं असलेले डायटम सहसा नायट्रेटवर जोमाने वाढतात. युरियाचं प्रमाण वाढलं, तर काही डायनोफ्लॅजेलेट आणि सायनोबॅक्टेरियांना फायदा होतो, आणि त्यातले काही विषारी असतात. थोडक्यात, पोषण किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे, यावर समुद्रात कोण जिंकणार ते ठरतं.

शेताला पाणी, समुद्रात हिरवं

पुरावा हवा? मेक्सिकोतलं याकी खोरं बघा. नॉर्मन बोरलॉग यांनी जिथे गव्हाचे वाण तयार केले आणि जिथून हरितक्रांतीचा गहू भारतात आला, तेच हे खोरं. 1998 ते 2002 मधली सॅटेलाइट चित्रं तपासून संशोधकांनी 2005 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की खत दिलेल्या शेतांना पाणी सोडलं की काही दिवसांतच शेजारच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात प्लवकांचा बहर येतो.

आपल्याकडेही नायट्रोजन खतांत युरियाच सर्वाधिक वापरला जातो. त्यात शहरांचं सांडपाणी धरा. तरी कोकणातल्या प्रत्येक निळ्या लाटेचा दोष युरियाला देणं चूक ठरेल, कारण अरबी समुद्रात हिवाळ्यात खालचं पोषक पाणी नैसर्गिकरीत्याही वर येतं. म्हणूनच मोजमाप हवं.

सॅटेलाइट कुठे थांबतो

नासाचा पेस उपग्रह फेब्रुवारी 2024 मध्ये गेला. तो 200 हून अधिक रंगछटा टिपतो आणि प्लवकांचे गट ओळखायला मदत करतो. आपला ओशनसॅट-3 सुद्धा समुद्राचा रंग मोजतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था हरितद्रव्य आणि तापमान बघून मच्छीमारांना मासे कुठे मिळू शकतील ते सांगते.

पण विरघळलेल्या युरियाला रंगच नाही. सॅटेलाइटला झालेली वाढ दिसते, ती कशावर झाली ते दिसत नाही. आणि बहर मेला की त्याच्या कुजण्यात पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात किंवा पळतात. त्याची किंमत मच्छीमार मोजतो. माझं म्हणणं एवढंच, की खाड्यांच्या मुखाशी पाणी तपासताना नायट्रेटसोबत युरिया आणि एकूण सेंद्रिय नायट्रोजनही नियमित मोजा, आणि आकडे सगळ्यांना बघता येतील असे ठेवा.

तोपर्यंत एक करा. मोबाइलच्या ब्राउझरवर नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' उघडा, क्लोरोफिलचा लेअर लावा आणि कोकण किनारा बघा. पुढची निळी रील आली की "किती स्वच्छ" लिहिण्याआधी त्या दिवसांचा नकाशा एकदा तपासा.