अडकित्त्यांचं दालन

शनिवारवाडा बघून परतणाऱ्या पाहुण्यांना मी आवर्जून पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाठवतो. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या स्मरणार्थ ते उभारलं. तलवारी इतरत्रही दिसतात. इथे दिवे, फण्या, वज्र्या, अडकित्ते आहेत, घराघरांत रोज हाताळलेले. सुपारी कातरायच्या साध्या हत्यारालाही कुणा अनाम कारागिरानं घोड्याचा, पोपटाचा घाट दिला! कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालापाशी गर्दी होते, ती व्हायलाच हवी. पण माझ्या मते खरी श्रीमंती या अडकित्त्यांत आहे. मुलांना न्याच, सोबत आजीलाही न्या. कुठली वस्तू कशी वापरायची, हे पाटी न वाचता ती सांगेल.