गोळी, दारू आणि आपण न विचारलेला प्रश्न

आमच्या सल्ला केंद्रात नवी बाई आली की आम्ही एक माहितीपत्रक भरून घेतो. नाव-गाव, लग्नाचं वर्ष, मुलं किती, मारहाण कधीपासून, माहेरचा आधार आहे का, असे ते प्रश्न. त्यातला एक आहे : ‘पती दारू पितो का? रोज की कधीमधी?’ हे पत्रक मी केंद्रात येण्याच्याही आधीपासूनचं. गेली आठ वर्षं मी ते भरते आहे. बाई स्वतः दारू घेते का, हा प्रश्न त्यात नाही, आणि तो नाही हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते एका बाईमुळे, तेही तिचा जीव जाता जाता वाचल्यावर. या वेळचं संपादकीय त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे.

तिचं नाव इथे नको. ओळख पटेल असे तपशीलही मी बदलले आहेत. वय चाळिशीच्या पुढे. घरी डबे करून देते. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ती आली तेव्हा कपाळावर खोक पडलेली, डोळ्याखाली काळंनिळं. ‘रात्री मोरीत पाय घसरला,’ म्हणाली. हे वाक्य आपण सगळ्याजणींनी किती वेळा ऐकलं आहे! मी विश्वास ठेवला नाही. फिरवून फिरवून तीनदा विचारलं, ‘खरं सांगा, त्यांनी मारलं ना?’ ती नाही म्हणत राहिली. मी पत्रकावर ‘मारहाणीचा संशय’ असं लिहिलं आणि तिला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पुढच्या आठवड्यात तिच्याऐवजी तिची मुलगी आली. सकाळी आई हाका मारूनही उठेना, श्वास घरघरत होता, म्हणून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. दोन दिवसांनी ती शुद्धीवर आली. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी तिला मनाच्या उदासीसाठी सकाळची एक आणि झोपेसाठी रात्रीची एक अशा गोळ्या दिल्या होत्या. त्या रात्री झोप येईना म्हणून तिने झोपेची आणखी एक गोळी घेतली. आणि त्यावर नेहमीचा अर्धा पेला. दिवसभर शेगडीसमोर उभं राहून पाय भरून येतात म्हणून पाच-सहा वर्षं ती नवऱ्याच्या बाटलीतली थोडी थोडी घेत आली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. मोरीत पडली होती तीही अशाच एका रात्री.

मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, ‘मरायचं नव्हतं हो ताई मला. नुसतं झोपायचं होतं.’ डॉक्टरांना सांगितलं नाहीत का, असं विचारलं तर म्हणाली, ‘नणंद शेजारी बसलेली. डॉक्टर म्हणाले, मिस्टर पितात का? मी म्हटलं, हो. माझं कुणी विचारलंच नाही. तुम्हीसुद्धा त्यांचंच विचारलंत.’

मैत्रिणींनो, याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दारूविरुद्धचा लढा आपल्या चळवळीने मोठ्या हिमतीने लढवला आहे. 1992 साली आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात बायकांनी अर्कविक्रीविरुद्ध उठाव केला. लोकांच्या रेट्यामुळे 1993 साली गडचिरोलीत जिल्हा दारूबंदी झाली. गावोगावी ‘आडवी बाटली’साठी बायका रांगा लावून मतदानाला उतरल्या. या सगळ्यात दारू पिणारा तो आणि भोगणारी ती, असं चित्र आपल्या मनात पक्कं झालं. ते खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी 18.8 टक्के, तर बायकांपैकी 1.3 टक्के दारू पितात अशी नोंद आहे. पण घरच्या माणसांच्या देखत, दारात आलेल्या अनोळखी पाहुणीला ‘हो, मी घेते’ असं किती जणी सांगतील? आणि आकडा खरोखर एवढाच असला, तरी त्या एका टक्क्यातली बाई आपल्या समोरच्या खुर्चीवर बसलेली असू शकते. पिणाऱ्या पुरुषाला समाज ‘बिचारा, नादी लागला’ म्हणतो. पिणारी बाई मात्र एकदम चारित्र्यहीन ठरते. म्हणून ती लपवते, आणि तिच्यावरचा धोका या लपवण्यातूनच वाढतो.

नेमका धोका काय, हे प्रत्येक कार्यकर्तीला ठाऊक असायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दारूने आधी बरं वाटतं, पण तिचं खरं काम मेंदूला मंद करण्याचं आहे. झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम) हेच काम करतात. दोन्ही एकत्र आल्या की गुंगी कितीतरी पटीने वाढते, तोल जातो, काय केलं ते आठवत नाही, आणि प्रमाण जास्त झालं तर श्वास मंदावून थांबूही शकतो. उदासीवरच्या गोळीबरोबर डॉक्टर पुष्कळदा अशी झोपेची गोळी देतात. आपल्याकडे तर एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत एकत्र मिळतात. बाईला वाटतं, मी एकच गोळी घेते.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही उदासीवरची जुनी औषधं स्वतःच गुंगी आणतात. त्यांच्यासोबत दारू घेतली तर पडणं, भाजणं, अपघात ठरलेलेच. ती प्रमाणाबाहेर पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेततं, आणि सोबत दारू असेल तर धोका आणखी वाढतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिन अर्धशिशीवर, जुनाट अंगदुखीवरही देतात. त्यामुळे आपण घेतो ती गोळी याच जातीची आहे हे अनेकींना माहीतच नसतं.

फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन, एस्सिटालोप्राम ही नवी औषधं इतकी गुंगी आणत नाहीत. म्हणून ‘यावर थोडी चालते’ असं सर्रास सांगितलं जातं. पण दारू उदासी वाढवते, झोप तुटक करते, म्हणजे औषध ज्यासाठी घ्यायचं त्याच्याच उलट काम करते. या औषधांनी पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी वाढते. त्यात दारू आणि रोजची अंगदुखीची गोळी आली की ती आणखी वाढते. ड्युलोक्सेटिन घेणारीने भरपूर दारू घेतली तर यकृतावर परिणाम होऊ शकतो. शिवाय बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच पेल्याने तिच्या रक्तात पुरुषापेक्षा जास्त दारू भिनते. तेव्हा ‘ते चार घेतात, मी एकच’ हा हिशोब इथे उपयोगाचा नाही.

सगळ्यांत नाजूक काळ पहिल्या काही आठवड्यांचा. उदासीवरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. पेल्याचा परिणाम अर्ध्या तासात. गोळीने काही होत नाही म्हणून बाई पेल्याकडे वळते. आधीच जीव नकोसा झालेला असेल तर दारूने मनाचा उरलासुरला आवर सुटतो, आणि एरवी जे केलं नसतं ते हातून घडतं.

यावर बायकांनी स्वतःच काढलेला एक उपाय आहे, ‘आज लग्नाला जायचंय, आज गोळी चुकवते.’ हा उपाय नाही. एक दिवस चुकवून औषध शरीरातून जात नाही. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही काही आठवडे राहतं. उलट, गोळ्या मध्येच सोडल्या की चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या सुरू होतात. तसंच जी रोज भरपूर पिते तिनेही घाबरून एका दिवसात दारू तोडू नये. फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायच्या.

आणखी एक. बायकांना सर्रास दिली जाणारी अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट यांसारखी अरिष्टं आंबवून केलेली असतात. त्यांत मद्यार्क असतो आणि तसं बाटलीवर छापलेलंही असतं. चमच्याने घेतलेल्या औषधाचा बाऊ करायचं कारण नाही, पण डॉक्टरांना तेही सांगायला हवं.

एखादी बाई गोळ्या आणि दारू घेऊन पडली असेल आणि हाका मारून, चिमटा काढूनही उठत नसेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडू नका. तिला कुशीवर वळवा. उलटी करवू नका, तोंडात पाणी-लिंबू घालू नका. 108 ला फोन करा, आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. काय काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. त्या वेळी अब्रूचा विचार करू नका.

आता आपल्या स्वतःकडे वळून पाहायला हवं. ‘बाईचा प्रश्न सोडवायचा नाही आणि तिला गोळी देऊन गप्प करायचं,’ अशी टीका आपण शिबिरांतून वर्षानुवर्षं केली. पुष्कळ ठिकाणी ती खरी आहे. मार खाणाऱ्या बाईला गोळी देणारा डॉक्टर मारणाऱ्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पण या टीकेचा एक परिणाम आपल्या ध्यानात आला नाही. ज्या बाईला गोळीने खरोखर आधार मिळत होता, ती आपल्यापासूनही गोळी लपवू लागली. आपल्या गटातली एखादी कार्यकर्तीसुद्धा. एका बाजूला दारूची लाज, दुसऱ्या बाजूला गोळीची. दोन्ही लाजांच्या मध्ये बाई एकटी, आणि दोन्ही वस्तू एकाच पोटात.

तिची भीती पोकळ नाही. मुलांच्या ताब्याच्या दाव्यात ‘वेडी आहे, पिते’ एवढं म्हणायला सासरच्यांना एक चिठ्ठी पुरते. म्हणून प्रश्न विचारायला शिकताना गुप्तता पाळायलाही शिकलं पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 प्रमाणे आपला आजार, उपचार आणि औषधाचे दुष्परिणाम यांची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि गुप्तता हाही हक्क आहे. ‘मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय’ असं म्हणायला आपण बाईला बळ देऊ या. गरज पडली तर नणंदेला बाहेर बसवण्याचं काम आपण करू या.

आमच्या केंद्राने पत्रक बदललं आहे. तीन प्रश्न वाढवले. सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, दुखण्याच्या, झोपेच्या, सगळ्या? दारू, ताडी, मोहाची, काही घेता का. पुष्कळजणी घेतात, म्हणून विचारतो. आणि, हे डॉक्टरांना माहीत आहे का? हे प्रश्न बाई एकटी असतानाच विचारायचे, आणि उत्तरं मुख्य फाइलमध्ये न लिहिता वेगळी ठेवायची, असं ठरवलं. पहिल्या दिवशी विचारताना माझीच जीभ अडखळली. समोरची बाई मात्र रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि मग बोलू लागली.

मोठं दुखणं आपल्या आवाक्याबाहेरचं असतं, तिथे वाट दाखवायची. टेली-मानसचा 14416 हा फुकट क्रमांक आहे, पुण्यात मुक्तांगणने बायकांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग चालवला आहे, जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे.

ती आता बरी आहे. गोळ्या चालू आहेत, झोपेची बंद झाली. दारू सुटली आहे असं ती म्हणते. मधे एकदा घेतली, तेही तिने येऊन सांगितलं. मला त्या सांगण्याचं मोल अधिक वाटतं.

तुमच्या केंद्राचं पत्रक एकदा काढून पाहा. हा प्रश्न त्यात आहे का? नसेल तर पुढच्या बैठकीत त्यावर बोला, आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.