अर्नाळ्याचे बेट मे महिन्यात नको

शाळांना सुट्टी लागली की आगाशीमार्गे अर्नाळ्याचा बेटावरचा किल्ला पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. ‘पारा 34 अंशच तर आहे, नागपुरात 45 असतो,’ हा हिशेब फसवा आहे. घाम वाळला तरच शरीर थंड होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो नुसता निथळतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे आजोबा वाटेत अडचण नको म्हणून पाणीच पीत नाहीत! चक्कर येते तटावर, आणि रुग्णालय गाठायचे तर पुन्हा होडी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा उकाडा. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. सुट्टीतच जायचे असेल, तर भल्या सकाळी जाऊन दहाच्या आत परतावे.