नावात फायबर, पण फायबर संपतं कुठे?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी भवानीनगरच्या घरून काम करत होतो. आमची वस्ती साखर कारखान्यापासून लांब, उसाच्या मधोमध. टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड डाउनलोडला ४ एमबीपीएस द्यायचं, अपलोडला जेमतेम अर्धा. व्हिडिओ कसेबसे चालायचे, पण मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा. टीममधल्या एकाने विचारलंच, "अजून डीएसएल वापरतोस?"

गंमत म्हणजे तेव्हा जर्मनी-ब्रिटनमधली लाखो घरं अशाच तांब्याच्या तारेवर ५० एमबीपीएस आणि त्याहून जास्त वेग वापरत होती. मग आमच्या तारेचं काय चुकलं?

चुकलं अंतर. फोनवरच्या आवाजाला ४ किलोहर्ट्झ पुरतात. एडीएसएल२+ तीच तार २.२ मेगाहर्ट्झपर्यंत वापरतं, व्हीडीएसएल२ ३० पर्यंत, आणि २०१४ मध्ये मंजूर झालेलं जी.फास्ट १०६ पर्यंत. फ्रिक्वेन्सी वाढली की डेटा जास्त मावतो, पण सिग्नल तांब्यात तितकाच लवकर विरतो. व्हीडीएसएल२ ची खरी मजा पहिल्या तीन-पाचशे मीटरमध्ये आहे. दीड-दोन किलोमीटरनंतर ते आणि एडीएसएल जवळपास सारखंच. जी.फास्टचा गिगाबिट तर शंभर मीटरच्या आतला! आणि एडीएसएलमधला पहिला 'ए' म्हणजे असमान: लोक डाउनलोडच करणार हे गृहीत धरून अपलोडला कोपरा दिलेला.

परदेशी कंपन्यांनी तार बदलली नाही, अंतर कमी केलं. ब्रिटनमध्ये ओपनरीचने, जर्मनीत डॉइच टेलिकॉमने रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत फायबर नेलं आणि पेटी ते घर जुनी तार ठेवली. त्यावर व्हेक्टरिंग आलं. एका जुडग्यातल्या तारांचे सिग्नल एकमेकांत झिरपतात, ते उलट सिग्नल देऊन पुसायचे. तुमच्या इअरबड्समधलं नॉइज कॅन्सलेशन साधारण असंच चालतं.

आपल्याकडे बीएसएनएलचं डेटावन जानेवारी २००५ मध्ये आलं, तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअरटेलने व्ही-फायबर आणलं. जुन्याच तारेवर व्हेक्टरिंग, १०० एमबीपीएसपर्यंत वेग, सुरुवात चेन्नईपासून. नावात फायबर, घरात शिरणारं तांबं! शहरात ते जमतं, कारण एका पेटीच्या आजूबाजूला शेकडो फ्लॅट असतात. आमच्या वस्तीवर चार घरं. त्यांच्यासाठी पेटी कोण बसवणार? शिवाय त्या पेटीला चोवीस तास वीज लागते, आणि आमच्याकडची वीज तुम्हाला माहीतच असेल.

फायबरने हे दोन्ही अडथळे काढले. जीपॉन नावाची पद्धत एक्स्चेंजपासून २० किलोमीटरपर्यंत चालते आणि मधल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. म्हणून माझ्या मते भारताने वेगवान डीएसएलचा टप्पा बराचसा ओलांडून थेट फायबर धरला, ते बरंच झालं. ब्रिटनमध्ये आता पेट्यांवर खर्च करून झाल्यावर पुन्हा घरोघरी फायबर ओढत आहेत.

नावांचा खेळ मात्र संपलेला नाही. २०२३ मध्ये आलेल्या एअरफायबर सेवांमध्ये शेवटचा टप्पा फाइव्ह-जीचा, म्हणजे हवेतून. वाईट नाही, पण टॉवरची गर्दी तुमच्याही वाट्याला येते. त्याच वर्षी सरकारने ब्रॉडबँडचा किमान डाउनलोड वेग २ एमबीपीएस केला. माझं २०२० मधलं रडकं कनेक्शन त्यातही आरामात बसतं. त्यामुळे कनेक्शन घेताना दोनच गोष्टी विचारा: फायबर नक्की कुठे संपतं, आणि अपलोड किती?

आमच्या वस्तीवर गेल्या वर्षी फायबर आलं, खांबांवरून लोंबकळत. अपलोड आता डाउनलोडइतकंच. फक्त गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेली ट्रॉली वळणावर केबल ओढून नेते. या हंगामात दोनदा झालं. जोडणारा येईपर्यंत मी फोनच्या हॉटस्पॉटवर, आणि अण्णा ऐकवतात, "जुनी तार निदान जमिनीखाली होती."